एक द्यूतसभा, तीन बैठकी

“काटोलास संत्र्यांवांचून दुसरें आहे तरी काय?” असें पुण्यामुंबईकडील आप्त आम्हांस नेहमीं विचारतात. संत्रीं आहेत, हें खरें. नागपुराहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारें ६० किलोमीटरांवर आमचें गांव लागतें, आणि आंबिया बहाराचें फळ उतरूं लागलें म्हणजे येथील बाजारांत पाऊल ठेवण्यास जागा नसते. परंतु दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ आमच्या भागांत ऐकण्यापाहण्याचाही हंगाम असतो. देवळांत कीर्तनें होतात, खेड्यांत मंडया भरतात, नागपुरास निरनिराळ्या प्रांतांचे कलावंत येतात.

आमचें कुटुंब दोन बंधूंचें, एकत्र. मातोश्रींपासून पणतवंडांपर्यंत लहानमोठीं १३ माणसें. गेल्या वर्षीं या हंगामांत महाभारतांतील द्यूतसभेचा एकच प्रसंग आमच्या मंडळींनीं तीन ठिकाणीं, तीन निरनिराळ्या समाजांच्या तोंडून ऐकला. हें कांहीं ठरवून केलें नव्हतें, घडत गेलें. पण घडून गेल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आयुष्यभर मुलांना संस्कृत व मराठी शिकवूनही ती पूर्वीं आली नव्हती, याची लाज वाटते. आणि म्हणूनच ती वाचकांपुढें मांडण्याचें धार्ष्ट्य करीत आहों.

पहिली बैठक नवरात्रांतील, देवळाच्या सभामंडपांत. कीर्तन नारदीय. बुवांच्या अंगांत अंगरखा, खांद्यावर उपरणें, हातांत चिपळ्या. मागें पेटी आणि तबला. पूर्वरंगांत शरणागतीचें निरूपण झालें, मध्यंतरीं बुक्का लागला आणि उत्तररंगांत द्रौपदीवस्त्रहरणाचें आख्यान सुरू झालें. द्रौपदी आरंभीं एका हातानें वस्त्र धरून दुसऱ्या हातानें देवास बोलावते. तोंवर देव येत नाहीं. तिनें दोन्ही हात वर केले, तेव्हां वस्त्रांचा पूर लोटला. हें सांगतांना बुवांनीं चिपळ्या खालीं ठेवल्या आणि रिकामे हात वर केले. आमच्या मातोश्रींच्या डोळ्यांस पदर लागला. ही बैठक आमची, पिढ्यान्‌पिढ्यांची. जयघोष केव्हां करावा, टाळी कोठें धरावी, आरतीस केव्हां उठावें, हें येथें आम्हांस कोणी शिकवावें लागत नाहीं. कदाचित् त्यामुळेंच कांहीं विचारावेंसेंही वाटत नाहीं.

दुसरी बैठक मंडईतली. भाऊबीज उलटली म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतील खेड्यांत एकामागून एक मंडया भरतात. दिवसा मिठाई, खेळणीं, भांडीं यांचीं दुकानें, लेकीबाळींच्या भेटी, सोयरिकीच्या गोष्टी. आणि रात्रीं दंडार किंवा खडी गंमत. आमची धाकटी सून भंडाऱ्याकडील. ती एका सकाळीं चहा देतां देतां म्हणाली, “मामंजी, यंदा आपण सगळे मंडईला जाऊं या ना. रात्रीं खडी गंमत आहे.”

आमचे धाकटे बंधू वर्तमानपत्र खालीं ठेवून म्हणाले, “दादा, घरांतल्या बायका गमतीला? लोक काय म्हणतील!”

आम्ही गप्प राहिलों. गप्प राहण्यास कारण होतें. तें पुढें येईल. निकाल लावला तो मातोश्रींनीं. माजघरांतून त्या म्हणाल्या, “मला न्या. लहानपणापासून ती ढोलकी भिंतीपलीकडून ऐकत आलें आहें. छ्याऐंशी वर्षें झालीं, ती वाजवणारा कसा दिसतो तें पाहिलें नाहीं.” यावर बंधूंस उत्तर सुचलें नाहीं, आणि आम्हांसही नाहीं.

खडी गंमत हा विदर्भाचा जुना खेळ. मंच नाहीं, पडदा नाहीं. कलावंत मोकळ्या जागेंत उभ्यानेंच रात्र काढतात, म्हणून ती ‘खडी’. शाहीर, ढोलकीवाला, डफ, टुणटुणें, झांजा, आणि लुगडें नेसून स्त्रीची भूमिका करणारा पुरुष, म्हणजे नाच्या. आरंभीं गण, मग गौळण, मग लावण्या आणि कथा. दोन पक्ष समोरासमोर आले कीं सवालजबाब रंगतात. कलगीवाले शक्तीस श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवास. या दोन पंथांच्या उगमाविषयीं अशी आख्यायिका सांगतात, कीं तुकनगीर नांवाचा गोसावी आणि शाहअली नांवाचा फकीर यांचा चंदेरीच्या दरबारांत वाद रंगला, आणि प्रसन्न होऊन राजानें एकास आपला तुरा व दुसऱ्यास कलगी दिली. म्हणजे ज्या खेळास आम्ही ‘त्यांचा’ म्हणून बाजूस ठेवीत आलों, त्याच्या मुळाशींच हिंदु आणि मुसलमान असे दोघे गुरु समोरासमोर बसलेले आहेत.

आम्ही पोहोंचलों तेव्हां गण चालू होता. मातोश्रींस खुर्ची दिली. बाकीचे सतरंजीवर बसलों. शेजारीं एक बागवान कुटुंब होतें, त्यांनीं आमच्यापुढें संत्रीं ठेवलीं. आरंभींचे कांहीं विनोद आमच्या कानांस झोंबले. तें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या बंधूंनीं दोनदां घड्याळ पाहिलें. परंतु मध्यरात्रीच्या सुमारास सवालजबाब सुरू झाले, आणि एका पक्षाच्या शाहिरानें समोरच्यास सवाल टाकला: द्रौपदीस सभेंत ओढून आणिलें, तेव्हां धृतराष्ट्राच्या शंभर पुत्रांपैकीं तिच्या बाजूनें बोलला तो कोण? समोरच्यानें विदुराचें नांव घेतलें. शाहीर हंसला. विदुर बोलला खरा, पण तो पुत्र नव्हे, भाऊ. बोलणारा पुत्र तो विकर्ण. धर्मराजानें आधीं स्वतःस हरविलें, मग द्रौपदीस पणास लाविलें, तेव्हां ती जिंकली गेलीच नाहीं, हें विकर्णानें भर सभेंत सांगितलें आणि कर्णानें त्याला पोरकट म्हणून गप्प केलें. सभापर्वांत हें असेंच आहे. पण शाहीर तेथें थांबला नाहीं. त्यानें आपल्या कवनांत पुढें विचारलें, कीं मग चौदाव्या दिवशीं भीमाच्या हातून हाच विकर्ण कां मेला? आणि उत्तरही त्यानेंच दिलें. त्याचा भावार्थ असा, कीं विकर्ण खरें बोलला, पण बोलून पुन्हां त्याच सभेंत खालीं बसला. आणि ज्यानें सभा सोडली नाहीं, त्याला युद्धानेंही सोडलें नाहीं.

ढोलकीवर थाप पडली. शाहीर वळून थेट आमच्याकडे पाहत म्हणाला, “चुकलं असन त सांगा न जी, गुर्जी. मी तुमच्याच वर्गातला आहो.”

आतां आमच्या गप्प राहण्याचें कारण सांगितलें पाहिजे. १९८४ सालची गोष्ट. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच उघडली होती. सातव्या इयत्तेंत आम्ही सुभाषित समजावून देत होतों आणि मागच्या बांकावरील एक मुलगा झोंपला होता. उठवून विचारलें, तेव्हां त्यानें खरें तें सांगितलें: बापाबरोबर रात्रभर मंडईत होता, बाप ढोलकी वाजवतो, हा टुणटुणें धरतो. आम्हीं त्याला दोन छड्या मारल्या. छड्या त्या काळीं सर्वच मारीत; त्यांचें एवढें नाहीं. पण वर्गापुढें आम्ही म्हणालों, “गमतीच्या पोराला सुभाषितें कशाला?” आणि वर्ग हंसला. पुढल्या आठवड्यापासून तो शाळेंत आला नाहीं. संत्र्याच्या बागेंत कामास लागल्याचें कानांवर आलें. त्यानें शाळा आमच्यामुळें सोडली असें कोणी म्हटलें नाहीं, त्याच्या बापानेंही नाहीं. पण त्या वर्षापासून मंडईची ढोलकी दुरून ऐकूं आली, कीं आम्ही खिडकी लावून घेत आलों.

त्या रात्रीं त्याच्या प्रश्नावर आम्ही उभे राहून एवढेंच म्हणालों, कीं कांहीं चुकलेलें नाहीं, आणि शेवटलें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें. तो वांकून नमस्कार करून पुन्हां आपल्या जागीं गेला. मातोश्री पहांटे तीनपर्यंत उठल्या नाहींत.

तिसरी बैठक नागपुरास. तेथें दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचें मुख्य ठाणें आहे. देशांतील अशा सात केंद्रांपैकीं हें एक, १९८६ सालीं स्थापन झालेलें. हिवाळ्यांत त्याच्या सिव्हिल लाइन्समधील आवारांत हस्तकलांचा मेळा भरतो आणि संध्याकाळीं निरनिराळ्या प्रांतांचीं नृत्यगायनें होतात. आम्ही गेलों त्या संध्याकाळीं छत्तीसगडची पंडवानी होती. छत्तीसगड आम्हांस परका प्रांत वाटतो. पण १९५६ पर्यंत तो आणि आपण एकाच राज्यांत होतों आणि राजधानी नागपूर होती, हें तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा, आणि तिचा नायक अर्जुन नव्हे, भीम. बसून सांगण्याच्या शैलीस वेदमती म्हणतात, उभ्यानें अभिनयासह सांगण्याच्या शैलीस कापालिक. पूर्वीं उभ्यानें सांगणें हें पुरुषांचें काम मानीत. तीजनबाईंनीं तो निर्बंध मोडला, समाजाचा रोष पत्करला आणि फारसें शालेय शिक्षण नसतांना ही कला जगभर नेली. २०१९ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. त्या संध्याकाळच्या गायिका तीच उभी शैली चालविणाऱ्या होत्या. हातांत तंबुरा, बोटांत करताल. सोबतीस पेटी, तबला, ढोलक आणि ‘रागी’, म्हणजे वाक्यावाक्यास हुंकार देऊन प्रश्न विचारणारा साथीदार. प्रसंग पुन्हां तोच. पण येथें द्रौपदीच्या धांव्यावर क्षणभरच थांबून कथा भीमाच्या प्रतिज्ञेकडे वळली आणि तेथून थेट सतराव्या दिवशींच्या दुःशासनवधावर गेली. बाईंनीं तंबुरा खांद्यावर घेतला, त्याची गदा झाली. आडवा धरला, त्याचा दुःशासनाचा दंड झाला. आमचा लहान नातू आईच्या मांडीवर चढून बसला. भाषा छत्तीसगडी, निम्मी कळली, निम्मी नाहीं. पण जें कळावयाचें तें राहिलें नाहीं.

परतीच्या वाटेवर नातीनें विचारलें, “आजोबा, तिघांत चांगलें कुणाचें?”

प्रश्न मुलांचा, पण जुना आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य ‘श्रेष्ठ कोण’ म्हणून भांडत राजापुढें येतात. न्यायास बसते परिव्राजिका कौशिकी. आचार्यांचा वाद ऐकत बसण्यापेक्षां शिष्यांचा प्रयोग पाहूं, असें ती ठरविते. त्या प्रयोगांत नाचते ती मालविका, विदर्भाची राजकन्या. त्याच नाटकांत विदर्भाचीं दोन राज्यें होऊन वरदा नदी, म्हणजे आपली वर्धा, त्यांची सीमा ठरते. म्हणजे कथा आपल्याच मुलखाची. हें नाटक आम्हीं किती वेळां वाचलें असेल! पण वाद बाजूस सारून प्रयोग पाहावा, एवढें कौशिकीचें शहाणपण उचललें नाहीं. गमतीविषयीं आमचें मत ४० वर्षें पक्कें होतें, आणि गंमत पाहिली होती एकदांही नाहीं.

नातीस आम्हीं उत्तर दिलें तें असें. द्यूतसभा एकच. कीर्तनकार तिच्याकडे द्रौपदीच्या वर केलेल्या हातांकडून पाहतो, म्हणून तेथें भक्ति दिसते. शाहीर खालीं बसलेल्या विकर्णाकडून पाहतो, म्हणून तेथें न्याय दिसतो. पंडवानीची बाई भीमाच्या दंडाकडून पाहते, म्हणून तेथें संताप दिसतो. व्यासांनीं तिन्ही लिहून ठेविलीं आहेत. आम्ही मात्र एकाच खांबाशीं बसून ‘सभा पाहिली’ म्हणत होतों. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत प्रेक्षकांच्या आवडी सांगितल्या आहेत: तरुण शृंगारांत रमतात, शूर युद्धांत, विद्वान सिद्धांतांत, आणि वृद्ध धर्माख्यानांत व पुराणांत. आमची आवड वृद्धांत मोडते, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण त्याच मुनींनीं लोकांच्या सहज वागण्यावर चालणारा लोकधर्मी आणि संकेतांवर चालणारा नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन्ही प्रकार मान्य केले आहेत, आणि नाट्यवेद हा सर्व वर्णांसाठीं निर्माण झाला, असें आरंभींच सांगितलें आहे. हें आम्ही वर्गांत शिकवीत होतों, आणि त्याच वर्गांत टुणटुणें धरणाऱ्या मुलास हंसत होतों.

आणखी एक गोष्ट येथें कबूल केली पाहिजे. पंडवानीस जातांना घरांत कोणीही ‘लोक काय म्हणतील’ असें म्हटलें नाहीं. आमचे बंधू तर नोकरीनिमित्त नागपुरास असतांना ताजाबादेस ताजुद्दीनबाबांच्या उरुसांत कव्वाली ऐकावयास आवडीनें जात. तेथेंही त्यांस लोकांची आठवण झाली नाहीं. छत्तीसगडची कला पद्मपुरस्कारांमुळें आणि विजेच्या झगमगाटांत मांडलेल्या खुर्च्यांमुळें आम्हांस थोर वाटली. कव्वालीस दर्ग्याचें पावित्र्य होतें. अडचण झाली ती फक्त आपल्या वेशीवरच्या ढोलकीची. दूरच्या परक्यास आपण कौतुकानें पाहतों. शेजारच्या परक्यास पाहण्यास मात्र धैर्य लागतें, कारण त्याच्याशीं आपलें जुनें देणेंघेणें असतें. तोच आपल्या बागेंत कामास असतो, त्याचाच मुलगा आपल्या वर्गांत मागच्या बांकावर बसलेला असतो. निरनिराळ्या समाजांच्या कलांचा आस्वाद घेणें म्हणजे केवळ प्रवास नव्हे, हें आम्हांस पासष्टी उलटल्यावर कळलें. पाहुण्याच्या दारीं जाण्याआधीं शेजाऱ्याचें दार ओळखीचें असावें.

संक्रांतीनंतर आम्हीं शाहिरास निरोप पाठविला. तो आला, तेव्हां ओसरीवर सतरंजी घालण्यास आमचे बंधूच पुढें झाले. मातोश्रींनीं तिळगूळ दिला आणि ढोलकीवाल्यास कां आणलें नाहीं म्हणून विचारलें. मग आम्हीं १९८४ सालची गोष्ट काढली आणि आमचें चुकलें, असें सर्वांदेखत सांगितलें. तो म्हणाला, “त्याचं काय घेऊन बसले जी गुर्जी! ढोलकीबी मारल्याबिगर बोलत नाही.” आमची सुटका व्हावी म्हणून त्यानें हें म्हटलें, हें आम्हांस समजतें. ढोलकीचा दाखला खोटा नाहीं. पण ढोलकी शाळा सोडून जात नाहीं.

त्याच्याजवळ वडिलांचें आणि आपलें मिळून कवनांचें एक बाड आहे. कांहीं पानें वाळवीनें खाल्लीं आहेत, कांहींची शाई उडाली आहे. वडिलांचीं पुष्कळ कवनें त्याला पाठ आहेत, पण त्याच्या मुलांना नाहींत. तीं पुण्यास नोकरीस आहेत. सरकारची वृद्ध कलावंतांस मानधन देण्याची योजना आहे, त्या अर्जाचें काम सुनेनें अंगावर घेतलें. आम्हीं बाड उतरून देण्याचें कबूल केलें. आतां दर रविवारीं तो येतो, म्हणून दाखवितो, आणि आम्ही लिहून घेतों. आजवर दोन वह्या भरल्या.

पहिल्या दिवशीं संवयीनें आम्हीं लाल पेन जवळ घेतलें होतें. ‘हाये’ खोडून ‘आहे’ केलें आणि पुढील ओळीवर गेलों, तों शेजारीं बसलेली नात म्हणाली, “आजोबा, तो शब्द त्यांचा आहे ना? तसाच राहूं द्या.” शाहीर कांहीं बोलला नाहीं. आम्हीं खोडलेला शब्द पुन्हां होता तसा लिहिला आणि लाल पेन आंत नेऊन ठेविलें.

वाचकांस एवढीच विनंती, कीं आपल्या गांवाच्या वेशीवर जो खेळ होत असेल, त्यास एकदां तरी घरच्या सर्व मंडळींसह जावें. सूनबाईंस आणि वडीलधाऱ्या स्त्रियांस वगळूं नये. आरंभापासून बसावें, कारण गण चुकला तर पुढील रंग समजत नाहीं. तेथील लोक बसतात तेथेंच बसावें. जें रुचणार नाहीं तें रुचलें नाहीं म्हणावें, पण पाहून म्हणावें. आणि समजलें नाहीं तें दुसऱ्या दिवशीं कलावंतास विचारावें. कोणी मनापासून विचारलें तर त्याला आनंदच होतो.

कार्तिक पुन्हां येईलच. आमच्या मातोश्रींनीं शाल आतांपासून काढून ठेविली आहे.